सीमांतपूजनाची फी

सेरांबी बेटावरच्या माणसाला भारतात यायचं तर व्हिसाला बाराशे रुपये पडायचे. हा आकडा इतकी वर्षं जागचा हलला नव्हता की उन्मेष घटाटे सकाळी ऑफिसात आल्यावर त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही. भिंतीवर पाल असते तसा तो आकडा पडद्यावर असायचा. आहे, असू दे. त्या सोमवारी डबा टेबलावर ठेवताना त्याने सहज मान वर केली, तर तिथे साडेचार हजार.

त्याने चष्मा काढून पुसला. साडेचार हजारच होते.

हे ऑफिस म्हणजे नागपूरचं व्हिसा शुल्क केंद्र. पूर्वी परदेशी माणसाच्या व्हिसाची फी ठरवायला दिल्लीत समिती बसायची. तत्त्व सोपं होतं: तुम्ही आमच्या माणसाकडून घ्याल तितके आम्ही तुमच्या माणसाकडून घेणार. पण त्यात भानगडी फार. कोणता देश सध्या रुसलाय, कोणाकडून तेल घ्यायचंय, आपल्या मंत्र्याला विमानतळावर आणायला त्यांनी कोणाला पाठवलं, गाडी कोणती होती. हे सगळं तोलूनमापून आकडा ठरेपर्यंत रुसलेला देश हसायला लागलेला असायचा आणि हसणारा रुसलेला. म्हणून मग 'सौहार्द' नावाचं यंत्र आलं. प्रत्येक देशाने आपापले नोंदणीकृत संवादक नेमायचे, म्हणजे एकमेकांशी बोलणारी अधिकृत माणसं. ती एकमेकांशी जे काही बोलतील, ऑफिसातून किंवा घरून, कामाचं किंवा बिनकामाचं, ते यंत्र ऐकणार. कारण खरं राजकारण जेवणाच्या टेबलावर होतं, असं करारात चक्क लिहिलेलं होतं. त्यावरून दोन देशांत आज किती जिव्हाळा आहे हे यंत्र पहाटे मोजणार आणि त्या दिवसाची फी लावणार. जिव्हाळा वाढला की फी उतरणार, आटला की चढणार.

दिल्लीची हवा यंत्राला मानवेना, म्हणून ते देशाच्या मधोमध नागपूरला आणलं. त्याला सतत गारवा लागतो आणि नागपुरात मे महिना असतो, ही माहिती इमारत बांधून झाल्यावर पुढे आली. तेव्हापासून यंत्र एसीत आणि माणसं कूलरसमोर. थंड खोलीत बसून राहायचं, सगळ्यांचं बोलणं ऐकायचं आणि कशाने बिनसलं ते कोणाला सांगायचं नाही, म्हणून स्टाफ त्याला जावई म्हणायचा.

मोठ्या देशांचे संवादक शेकड्याने असायचे. त्यात एखाद्याला पित्त झालं तरी फीवर फरक पडत नसे. सेरांबी मात्र हिंदी महासागरातला एवढासा ठिपका. तिकडून एक संवादक, इकडून एक. तिकडून त्यांच्या सरकारच्या शुल्क सल्लागार रुक्मीनबाई पांडू, आणि इकडून लहान देशांच्या टेबलावर बसणारा उन्मेष. रुक्मीनबाईंचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात मजूर म्हणून गेले. त्यांचं नाव पांडू, तेच पुढे आडनाव झालं. बाई उन्मेषशी मराठीतच बोलायच्या. फीचं बोलणं पाच मिनिटांत संपायचं आणि मग तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे कसे करायचे यावर अर्धा तास जायचा. दोन वर्षांपूर्वी त्या शुल्क परिषदेला नागपूरला आल्या, सोबत मुलगा यशवीन होता. उन्मेषची मुलगी अन्वी त्याला दीक्षाभूमी आणि तर्री पोहे दाखवायला घेऊन गेली. हे दाखवणं फारच लांबलं, आणि काल रविवारी नागपुरातच साखरपुडा झाला.

आणि आज, सोमवारी, साडेचार हजार.

केंद्राच्या प्रमुख पांढरीपांडे मॅडमनी त्याला आत बोलावलं. त्यांचा आवाज नेहमी शांत असायचा. त्याचीच भीती वाटायची.

"घटाटे, नियमात लिहिलंय, संवादक नवराबायको नसावेत, भाऊबहीण नसावेत. व्याही असू नयेत असं लिहायला दिल्लीवाले विसरले. म्हणून मी गप्प होते."

"हो मॅडम."

"मला वाटलं होतं, आता सेरांबीची फी पाचशेवर येईल. आपल्या माणसांसाठी लोक फी उतरवतात. तुमची चढली." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे प्रकरण वाटतं त्यापेक्षा खोल आहे."

"मॅडम, यंत्र कोणाच्या हातात नाही."

"तेच तर मी दिल्लीला सांगते. म्हणून तर तुमच्यावर लक्ष ठेवावं लागतं."

संध्याकाळी घरी गेला तर अन्वी दारातच उभी.

"बाबा, ऐंशी माणसं येणार आहेत तिकडून. साडेचार हजाराने गुणा."

"मी नाही लावली गं फी."

"मग कोणी लावली? तुमच्याच टेबलाची आहे ना?"

"टेबल माझं आहे. फी यंत्राची."

"आणि त्यांच्याकडे पण तेच यंत्र आहे. तुमची चढली की त्यांची चढते. उद्या मी तिकडे गेल्यावर तुम्हाला मला भेटायला यायचं तर काय करणार? प्लॉट विकणार?"

आतून उन्मेषची बायको मृणाल म्हणाली, "जेवू तरी दे त्याला, अन्वी. मग भांड."

अन्वी जागची हलली नाही. "पहिल्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं? इतक्या लांब काय ठेवलंय, म्हणाला होतात. साखरपुड्याला बर्फीचा तुकडा तोंडात घातलात आणि मागे जाऊन रुमालात काढलात. मी पाहिलंय."

"दाढ दुखत होती."

"कोणती?"

उन्मेषला चटकन कोणती ते आठवलं नाही. अन्वीने मान हलवली आणि आत गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायची, पण पोलिसांनी विचारावं तसं. आज ऑफिसात काय झालं. कोणाचा फोन आला. तुम्ही काय बोललात. लग्न वैशाखात होतं, वैशाख तोंडावर आला होता. पाहुणे आले नाहीत तर लग्न पुढे जाईल, आणि ते बापाने पुढे ढकलवलं असं ती जन्मभर धरून बसेल, हे उन्मेषला स्वच्छ दिसत होतं.

त्याने एक उपाय ठरवला. जावई ऐकतोय ना, मग त्याला गोड ऐकवायचं. रुक्मीनबाईंशी इतकं गोड बोलायचं की फी विरघळली पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

"व्याहीबुवा, आमची एक इच्छा हाय. आमच्या बेटावर सीमांतपूजन अजून गावच्या शिवेवरच करतात. मंगल कार्यालयात नाय. नवरामुलगा शिवेवर आला की मुलीकडच्यांनी तिथंच पाय धुवायचे, मान द्यायचा, मग आत न्यायचं."

"वा, किती सुंदर प्रथा जपलीत तुम्ही, विहीणबाई." आमच्याकडे हॉलवाला दोन तासांचे जादा पैसे घेतो, एवढीच प्रथा उरलीय, हे तो गिळून गेला.

"मंग आता शीव म्हंजे काय? विमानतळ. इमिग्रेशनची खिडकी."

उन्मेषच्या डोळ्यासमोर खिडकीपुढे चौरंग, तांब्या, घंगाळं आणि मागे बंदूकवाला जवान आला. "काहीच हरकत नाही. उलट शोभाच येईल."

"तुमी लई समजूतदार. नाय म्हंजे, शिवेवर नवऱ्यामुलाला मान देतात. तुमी त्याच शिवेवर फी मागताय. आमच्या थोरल्या भावोजींना जरा लागलं. बाकी काय नाय."

"त्यांना म्हणावं, राग मानू नका. तुम्ही आमच्या डोक्यावर बसायची माणसं."

बुधवारी फी नऊ हजार झाली.

उन्मेषने आणखी साखर घातली. विहिणीच्या पंगतीला चांदीचं ताट हवं, देतो. पंगतीत वांगं नको, नसेल. करवल्यांना खोलीत सकाळी शहाळं हवं, नागपुरात झाडं लावून देतो. प्रत्येक होकारानंतर फी चढत गेली, आणि चढता चढता एकोणीस हजारांवर पोचली. सेरांबीच्या यंत्राने तितकीच फी भारतीयांना लावली. तिथे नोकरीला असलेल्या चारदोन भारतीयांनी दूतावासासमोर पाटी घेऊन उभं राहायला सुरुवात केली. फी कशामुळे चढतेय ते त्यांनाही कळेना.

आता उन्मेषला एकच गोष्ट पटायला लागली. ही बाई मुद्दाम करतेय. तिला लग्न तिकडे बेटावर हवं होतं, तसं ती एकदा बोलून गेली होती. इकडे लाडिक बोलायचं, तिकडे मनात रुसून बसायचं, फी चढवायची, आणि शेवटी म्हणायचं, आता काय करणार व्याहीबुवा, तुम्हीच सगळे इकडे या. रात्री अंथरुणावर तो मृणालला म्हणाला, "बाई पोचलेली आहे."

"तू तिला विचारत का नाहीस सरळ?"

"वेडी आहेस का? यंत्र ऐकतंय. असं काही बोललो तर फी लाखावर जाईल."

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी यंत्राच्या खोलीचा एसी बंद पडला. दुरुस्तीच्या निमित्ताने यंत्र बनवणाऱ्या कंपनीची इंजिनियर तरन्नुम शेख आली होती. लहान देशांच्या टेबलापाशी येऊन ती उन्मेषच्या बाटलीतलं पाणी प्यायली, मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"सर, तुम्ही काय करून राहिले सेरांबीसोबत?"

"काय म्हणजे? गोड बोलतोय. आणखी काय करणार?"

"तेच करू नका ना."

उन्मेषने इकडेतिकडे पाहिलं. पांढरीपांडे मॅडमच्या काचेमागे त्यांचं डोकं दिसत होतं आणि ते याच दिशेला वळलेलं होतं.

तरन्नुम खाली वाकून प्लग तपासल्यासारखं करत बोलायला लागली. "लोकांना वाटते हे गोडवा मोजते. गोडवा तर कोणीही मोजेल, त्याच्यासाठी यंत्र कशाला? माणसाच्या मनात एक आणि तोंडात दुसरं असलं की मेंदूला दोन कामं पडतात. खरं उत्तर दाबायचं आणि दुसरं बनवायचं. त्याच्यात शब्द निघायला उशीर होते. पापणी लवते ना, त्याच्या निम्म्याइतका. आणि गळ्यातल्या पडद्यांना बारीक थरथर सुटते. कानाला समजत नाही. याला समजते. कंपनीचं गणित असं आहे की जो देश तोंडावर एक बोलते नि मनात दुसरं ठेवते, तो पुढे दगा देईल. म्हणून त्याची फी चढवायची."

"हे आम्हाला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर एक तरी राजदूत तोंड उघडला असता का, सर?"

उन्मेष तिच्या जवळ सरकला. "म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबर. ती बाई मनात रुसलेली आहे."

तरन्नुमने हातातल्या टॅबवर सेरांबीचा आलेख काढला. दोन रेघा होत्या. एक तांबूस, आणि दुसरी इतकी लाल की बघवेना.

"तांबूस त्यांची," ती म्हणाली. "लाल तुमची."

उन्मेषने चष्मा काढून पुसला.

"दोन वर्षं तर चांगल्या हिरव्या होत्या दोघी. साखरपुड्याच्या दिवसापासून बिघडल्या." तिने टॅब बंद केला. "मी काही सांगितलं नाही, सर. मी फक्त एसीचं पाहायला आली होती."

रविवारी सकाळी मृणाल वरणासाठी कुकर लावत होती आणि उन्मेष स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून फोनकडे बघत होता. बघता बघता त्याने तो उचलला आणि लावला.

"विहीणबाई, फी तुम्ही चढवताय असं मला वाटत होतं."

"मी? अवो, तुमी चढवताय. ऐंशी माणसांना जेवू घालायचं जिवावर आलं म्हणून. भावोजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"तुमच्या भावोजींना जेवणाशिवाय दुसरं काही सुचतं का?"

"साखरपुड्याला त्यांना प्लॅस्टिकचं स्टूल दिलं तुमी. समद्यांना खुर्ची, त्यांना स्टूल."

"त्यांनी स्वतः घेतलं ते."

"घेतलं, कारण खुर्ची नव्हती."

मृणालने गॅस बारीक केला.

"आणि तुम्ही?" उन्मेषचा आवाज चढला. "तुम्ही माझ्या बायकोची पुडाची वडी खाऊन 'लई रुचकर' म्हणालात आणि हॉटेलवर जाऊन दहीभात मागवलात. तीन दिवस. वेटर माझ्या ओळखीचा आहे."

"मंग काय करू? तोंड जळालं माझं. तुमी लोक तेलात तिखट नाय घालत, तिखटात तेल घालता."

"मग तसं तोंडावर सांगायचं."

"जावई ऐकत होता ना."

हा शब्द उन्मेषनेच कधीतरी त्यांना सांगितला होता. तो हसणार होता, पण हसू आलं नाही. जे आलं ते वेगळंच होतं, आणि ते येईल याची त्यालाच कल्पना नव्हती.

"मला माझी मुलगी इतक्या लांब पाठवायची नव्हती," तो म्हणाला. "अजून नाही पाठवायची. तुमच्या यशवीनमध्ये काही खोट नाही, त्याचाच राग येतो मला. खोट असती तर नाही म्हणता आलं असतं. तो आला, पाया पडला, माझ्या स्कूटरचं चाक बसवून दिलं, आणि मुलगी घेऊन चालला. मी काय म्हणून नाही म्हणू?"

मृणाल ओट्याला टेकून उभी राहिली. तिने पदर तोंडाला लावला होता.

रुक्मीनबाईंनी लगेच उत्तर दिलं. "माझ्या पण मनात नव्हती तुमची लेक. पोरगी गुणाची हाय. पण तिचं मन रमणार नाय आमच्याकडे. चारी बाजूंना पाणी, एक रस्ता, एक बाजार. ती घरी जायचं म्हणणार, आणि माझा पोर तिच्या मागनं नागपूरला येणार. एकच हाय तो मला. तुमाला तुमची पोर जाईल असं वाटतंय. मला माझा पोर जाईल असं वाटतंय. रोज."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुमी बोललात?"

कुकरची शिट्टी झाली. दोघांनी ती संपेपर्यंत वाट पाहिली.

"सीमांतपूजनाचं काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"करतो. इमिग्रेशनच्या खिडकीपाशी. पण पाय धुताना मनात राग असेल माझ्या, आत्ताच सांगतो."

"असू दे," रुक्मीनबाई म्हणाल्या. "पाणी तेवढं कोमट ठेवा."

सोमवारी सकाळी सेरांबीच्या रकान्यात शून्य होतं. सेरांबीच्या यंत्रानेही दुपारपर्यंत शून्य लावलं.

पांढरीपांडे मॅडम पडद्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. "शून्य," त्या म्हणाल्या. "शेजारच्या देशांना शून्य नाही, ज्यांना आपण धरण बांधून दिलं त्यांना नाही. तुमच्या व्याह्यांना शून्य. घटाटे, सरकारकडून आहेर?"

"मॅडम, मी तर भांडलो त्यांच्याशी."

"हो ना. तेच तर कोणाला पटणार नाही."

दिल्लीहून चौकशीला माणसं आली. त्यांनी रविवारचं बोलणं तीनतीनदा ऐकलं, पुडाची वडी म्हणजे काही सांकेतिक शब्द आहे का यावर एक दुपार घालवली, आणि उन्मेषचं नाव संवादकांमधून काढून टाकलं. मात्र भांडल्याने फी उतरते हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. महिन्याभरात फतवा निघाला की सर्व संवादकांनी समोरच्या देशाशी आठवड्यातून एकदा मनातलं बोलावं. त्यातून तीन राजदूत परत बोलावले गेले, एका राजाने भारतीय सचिवांना मिशीवरून बोलल्याबद्दल देशाबाहेर काढलं, आणि एका देशाने, कोणालाही न कळलेल्या कारणाने, हापूसच्या चारशे पेट्या पाठवल्या.

पण त्याआधी वैशाख आला. फुकट व्हिसाची बातमी सेरांबीवर पसरली होती आणि ज्याचं आडनाव पांडू तो प्रत्येक जण वऱ्हाडात घुसला होता. ऐंशीचे दोनशे साठ झाले. त्यातल्या काहींना नवऱ्यामुलाचं नाव विचारलं तर ते शेजाऱ्याकडे बघायचे. इमिग्रेशनच्या खिडकीत बसलेला तरुण अधिकारी एकामागून एक पासपोर्ट उघडत होता आणि त्याचे डोळे बारीक होत चालले होते.

"सगळे पांडू?"

"समदे," थोरले भावोजी म्हणाले. मृणालने त्यांच्यासाठी घरून गादीची खुर्ची आणली होती. ते तिच्यातून उठायला तयार नव्हते.

खिडकीच्या अलीकडे, पिवळ्या पट्टीला लागून, चौरंग मांडला होता. त्यावर यशवीन मुंडावळ्या बांधून बसला होता आणि पाय घंगाळात ठेवायचे की बाहेर हे त्याला कोणी सांगत नव्हतं. बंदूकवाला जवान घंगाळात वाकून बघत होता. पाण्यात काय आहे ते त्याने दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा मृणालने पाणी असं सांगितलं होतं. रुक्मीनबाई बाजूला उभ्या होत्या, चेहरा कोरा.

सीमांतपूजनाला नवऱ्यामुलीने यायचं नसतं. अन्वी आली होती. जीन्सवर, हातात हिरवा चुडा. उन्मेष धोतरात, डोक्यावर वाकडी टोपी, एका हातात तांब्या आणि एका हातात ताम्हन घेऊन खाली बसायच्या बेतात होता. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बाबा, एक विचारते. सगळं झालंय आता, मी काही बोलणार नाही. फी तुम्हीच चढवली होती ना?"

तोंडापर्यंत आलं होतं की यंत्र गं, यंत्राने. मॅडमना, दिल्लीच्या माणसांना, सगळ्यांना त्याने तेच सांगितलं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"मुद्दाम?"

"मुद्दाम नाही. मनापासून."

मागून भटजी म्हणाले, उरका, विमानतळवाल्यांनी अर्धाच तास दिलाय. रांगेतला कोणीतरी पांडू जेवण कुठे आहे ते विचारत होता.

"टोपी सरळ करा," अन्वी म्हणाली. उन्मेषचे दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून तिनेच केली, आणि हात काढायला तिने जरा वेळ लावला.